पीकेडीएलसाठी स्लिट स्किन स्मीअर: कुष्ठरोगाच्या सवयीनं स्लाइड कुठे बिघडते आणि नीट कशी घ्यायची

हा लेख लॅब टेक्निशियन, इंटर्न आणि स्किन ओपीडीत बसणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी आहे. स्लिट स्किन स्मीअर म्हणजे कातडीला बारीक चीर देऊन खरवडलेला लगदा स्लाइडवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं. घरी करायची ही टेस्ट नाही आणि ट्रेनिंग नसताना कुणाच्या चेहऱ्यावर ब्लेड लावायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काळा आजार (लीशमॅनिया परजीवीमुळे येणारा, तिल्ली वाढवणारा लांबलेला ताप) बरा झाल्यावर काही जणांच्या अंगावर फिकट चट्टे, बारीक पुळ्या किंवा गाठी येतात, त्याला पीकेडीएल म्हणतात, म्हणजे पोस्ट कालाआजार डर्मल लीशमॅनियासिस. भारतात बऱ्या झालेल्या पेशंटपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांना हा होतो, बहुतेक वेळा ताप जाऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर, आणि काहींना तर आधी काळा आजार झाल्याचं आठवतही नाही. मूळ प्रदेश बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल, पण तिकडचा माणूस कामासाठी भिवंडीच्या लूमवर, चाकणच्या कंपनीत, मुंबईच्या बांधकामावर येतो आणि चट्टे इथे दाखवतो. आपल्याकडे चट्टा म्हटलं की पहिलं नाव कुष्ठरोगाचं येतं, स्मीअर घेणारा हातही कुष्ठरोगाच्या स्मीअरवरच तयार झालेला असतो. त्यामुळे चीर बरोबर पडते पण त्यानंतरची जवळपास प्रत्येक स्टेप चुकीच्या आजारासाठी केली जाते, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि पेशंट महिनोन्‌महिने एमडीटी म्हणजे कुष्ठरोगाची औषधं खात बसतो. जागेची निवड सोडली तर चिरेपर्यंत दोन्ही टेस्ट सारख्या आहेत, चिरेनंतर पूर्ण वेगळ्या, एवढं एक डोक्यात पक्कं बसवा.

## १. आधी पेशंटशी बोला, मग ब्लेड काढा

सगळ्यात जास्त केसेस इथेच हातून निसटतात. केसपेपरवर पत्ता भिवंडीचा असतो म्हणून कुणी गाव विचारत नाही. "मूळ गाव कोणतं, जिल्हा कोणता" हे विचारा. बिहारमध्ये सारण, सिवान, मुझफ्फरपूर, वैशाली, पूर्णिया, अररिया, झारखंडमध्ये दुमका, पाकुड, गोड्डा, साहिबगंज, उत्तर प्रदेशात बलिया, देवरिया, कुशीनगर, बंगालमध्ये मालदा, अशी नावं कानावर आली की थांबायचं. नेपाळच्या तराईतला किंवा बांगलादेशच्या सीमेकडचा माणूस असेल तरी तेच.

मग तापाबद्दल विचारा, आणि ते त्यांच्या भाषेत विचारा. "लीशमॅनियासिस हुआ था क्या" असं विचारलं तर उत्तर नाहीच येणार. "कालाजार हुआ था? लंबा बुखार आया था? तिल्ली बढ़ी थी?" असं विचारा. उपचाराचा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावा लागतो कारण औषधं बदलत गेली. जुन्या पेशंटला रोज एक याप्रमाणे पंचवीस-तीस सुया टोचल्याचं आठवतं, कुणाला २८ दिवस कॅप्सूल खाल्ल्याचं आठवतं, पण २०१४ नंतर कार्यक्रमात लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच डोस द्यायला सुरुवात झाली, त्यामुळे नंतरचा पेशंट म्हणतो "एक बोतल चढ़ाया था, दूसरे दिन घर भेज दिया". तुम्ही फक्त "बहुत सुई लगी थी?" एवढंच विचारलंत तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणेल. घरात किंवा शेजारी कुणाला झाला होता का, हेही विचारा.

मग अंग बघा, आणि उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली फिकट मॅक्यूल (सपाट चट्टे) दिसतच नाहीत, खिडकीजवळ उभं करून तिरप्या उजेडात बघितलं की हनुवटीवर, ओठांभोवती, गालावर, छातीवर, दंडावर बारीक फिकट ठिपके दिसायला लागतात. पीकेडीएलमध्ये हनुवटी आणि तोंडाभोवतीचा भाग जास्त भरलेला असतो, चट्टे फिकट असतात पण कोडासारखे पांढरेफेक नसतात, शिबं म्हणजे व्हर्सीकलरसारखा कोंडा नसतो, आणि माणूस एरवी ठणठणीत असतो. ताप नाही, भूक नीट, वजन नीट.

कुष्ठरोग बाजूला करण्यासाठी संवेदना तपासायच्या आणि नसा चाचपायच्या. कोपराजवळची अल्नर, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची नस आणि मानेतली ग्रेट ऑरिक्युलर, तिन्ही बघा. जाड नस किंवा बधिर चट्टा मिळाला तर कुष्ठरोगाकडे वळा. भुवया विरळ झाल्या असतील तरी तिकडेच झुकतं.

थांबा: फक्त चेहऱ्यावरच्या चट्ट्यावर कापूस फिरवून "सेन्सेशन आहे म्हणजे कुष्ठरोग नाही" असं ठरवू नका. चेहऱ्याला नसांचा पुरवठा इतका भरपूर असतो की कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरही तिथे संवेदना शाबूत राहू शकते. हातापायावरचा किंवा पाठीवरचा चट्टा तपासा.

आरके३९ स्ट्रिप (काळा आजाराच्या अँटिबॉडी रक्तात शोधणारी झटपट टेस्ट) मिळत असेल तर करून घ्या. किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचा, आधी नाही आणि उशिरानं पण नाही, टेस्टची रेघ फिकट आली तरी ती पॉझिटिव्हच धरतात. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या, काळा आजार बरा होऊन वर्षं लोटली तरी ही स्ट्रिप पॉझिटिव्ह राहू शकते. म्हणजे काळा आजाराच्या भागातला माणूस, पटणारे चट्टे, संवेदना शाबूत आणि स्ट्रिप पॉझिटिव्ह, एवढं जमलं तर "प्रॉबेबल" पीकेडीएल. "कन्फर्म्ड" म्हणायला त्वचेत परजीवी किंवा त्याचा डीएनए दाखवावा लागतो. स्मीअर त्यासाठी.

इथे अजून एक गोंधळ मिटवतो. पुस्तकात लीशमॅनिन स्किन टेस्ट वाचलेली असते, मृत परजीवींचं ०.१ एमएल द्रावण हाताच्या आतल्या बाजूला कातडीत टोचायचं आणि ४८ ते ७२ तासांनी गाठ ५ मिमी किंवा जास्त आली तर पॉझिटिव्ह. इंटर्न तीच मागायला येतात. ती टेस्ट शरीराची पूर्वीची ओळख सांगते, आत्ताच्या चट्ट्यात परजीवी आहे की नाही ते सांगत नाही, काळा आजार ऐन भरात असताना तर ती निगेटिव्ह असते. पीकेडीएल कन्फर्म करायला तिचा उपयोग नाही.

## २. टेबल लावून घ्या

पेशंट बसवल्यावर शोधाशोध नको. हे आधी मांडा:

- नवीन स्लाइड, स्पिरिटनं पुसून कोरड्या केलेल्या, बोटाचा तेलकट ठसा नसलेल्या. धुऊन परत वापरलेल्या स्लाइड नकोत, ओरखड्यात रंग अडकतो आणि तो परजीवीसारखा दिसतो.
- १५ नंबरचं ब्लेड आणि ३ नंबरचं हँडल. प्रत्येक पेशंटला नवीन ब्लेड.
- डायमंड पेन्सिल. मार्करनं लिहिलेलं मेथेनॉलमध्ये पुसलं जातं, मग स्लाइड कुणाची यावर वाद.
- अॅबसोल्यूट मेथेनॉल, झाकण घट्ट असलेल्या बाटलीत.
- ग्लोव्हज, कोरडा कापूस, स्पिरिट, चिकटपट्टी.
- पीसीआरला (परजीवीचा डीएनए शोधणारी टेस्ट) पाठवायचं असेल तर त्या लॅबनं दिलेली ट्यूब आणि बफर, नाव घालून तयार.
- ब्लेडसाठी पांढरा पंक्चरप्रूफ डबा, रक्ताच्या कापसासाठी पिवळी पिशवी, काचेसाठी निळा डबा.

प्रत्येक पेशंटला निदान दोन स्लाइड लावा, पेन्सिलनं एकीवर "जे" म्हणजे जिम्सा (परजीवी दाखवणारा रंग) आणि दुसरीवर "झेड" म्हणजे झेडएन (झील-नील्सन, कुष्ठरोगाचे बॅसिलाय दाखवणारा रंग) असं लिहा. सगळी गडबड इथेच टळते. कुष्ठरोग आणि पीकेडीएल दोन्ही एकाच माणसात असू शकतात, आणि नसले तरी कुष्ठरोगाची शंका त्याच चिरेतून मिटते, दुसऱ्यांदा टोचायला नको.

तपासा: स्लाइडवर नाव, नंबर, तारीख आणि जे की झेड हे चीर मारायच्या आधी लिहिलंय ना?

## ३. जागा निवडणं

कुष्ठरोगाच्या स्मीअरला कानाची पाळी ठरलेली असते आणि हात आपोआप तिकडे जातो. पीकेडीएलला अशी ठरलेली जागा नाही, जिथे चट्टा तिथे चीर. कानावर गाठ असेल तर कान घ्या, नसेल तर सोडा.

गाठ किंवा पुळी असेल तर पहिली पसंती तिला, कारण त्यात परजीवी जास्त. त्यातही घट्ट, फुगीर, न फुटलेली गाठ घ्या, खपली धरलेली किंवा खाजवून जखम झालेली नको. नुसते मॅक्यूल असतील तर परजीवी फार कमी असतात, मग एका चट्ट्यावर थांबू नका, दोन-तीन वेगवेगळ्या चट्ट्यांतून घ्या. मिसळलेलं चित्र असेल, म्हणजे अंगावर मॅक्यूल आणि हनुवटीवर चार पुळ्या, तर पुळ्यांकडे जा. ही एवढी निवड रिपोर्ट बदलू शकते आणि तरी लोक सोयीचा म्हणून हातावरचा मॅक्यूल घेतात कारण चेहऱ्याला हात लावायला पेशंट कां-कू करतो. पेशंटला नीट समजावून सांगा की चीर बारीक आहे, टाका लागत नाही, डाग राहिलाच तर अगदी पुसटसा राहील. बहुतेक जण तयार होतात, चेहऱ्यावरच्या चट्ट्यांमुळेच तर आलेले असतात ते.

जागा केसपेपरवर शरीराचं साधं चित्र काढून खुणा करून ठेवा. उपचारानंतर परत बघताना याची किंमत कळते.

## ४. चीर आणि खरवड

१. स्पिरिटनं जागा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर चीर मारली की पेशी तिथेच आक्रसतात आणि जळजळतं ते वेगळंच.

२. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कातडी घट्ट धरा, पांढरी पडेपर्यंत. कपाळासारख्या जागी चिमटी येत नसेल तर दोन बोटांनी दोन्हीकडून दाबून धरा. चिमटी नीट असेल तर दुखणंही कमी जाणवतं. भूल देताना एक लक्षात ठेवा, लिग्नोकेन नेमकं चिरेच्या जागी भरलं तर पातळ पाणीच वर येतं आणि मटेरियल विरळ होतं.

३. चिमटी न सोडता साधारण ५ मिमी लांब आणि २ मिमी खोल चीर मारा. फार वरवर मारली तर नुसती वरची कातडी येते, फार खोल गेलं तर चरबी आणि रक्त. परजीवी डर्मिसच्या (वरच्या कातडीखालचा थर) वरच्या भागात असतात, पोचायचंय तिथे.

४. रक्ताचा पहिला थेंब आलाच तर कोरड्या कापसानं टिपा. चिमटी अजून सोडायची नाही. ओपीडीत गर्दी असते, हात अवघडतो, माणूस बोट सैल करतो आणि चीर रक्तानं भरते. मग खरवडून येतं ते नुसतं रक्त, स्लाइडवर लालभडक गोल दिसतो आणि त्यात आरबीसीशिवाय काही नसतं.

५. ब्लेड ९० अंशात वळवा, म्हणजे धार चिरेला काटकोनात येईल, आणि चिरेच्या तळावरून व कडांवरून एकाच दिशेनं दोन-तीनदा खरवडा. पात्यावर गुलाबीसर, दाट, ओलसर लगदा जमला पाहिजे. तो जमला की काम झालं.

६. लगदा स्लाइडवर ठेवून ६ ते ८ मिमीच्या गोलात पातळ पसरा. इथे हात हलका. ब्लेडच्या सपाट बाजूनं रगडत बसलात तर मॅक्रोफेज (ज्यांच्या आत परजीवी राहतो त्या पेशी) फुटतात, परजीवी बाहेर विखुरतात, चिरडतात, आणि मग दिसतं ते काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. कुष्ठरोगाचा बॅसिलस असं रगडणं सहन करतो, लीशमॅनिया नाही करत.

७. पहिला गोल जे स्लाइडवर, मग परत खरवडून दुसरा झेड स्लाइडवर. पीसीआरसाठी तिसरी खरवड ट्यूबमध्ये, पातं बफरमध्ये नीट हलवून. ट्यूबला हात लावण्याआधी ग्लोव्हज बदला, एका पेशंटचा डीएनए दुसऱ्याच्या ट्यूबमध्ये गेला तर खोटा पॉझिटिव्ह येतो.

८. आता चिमटी सोडा, कापूस दाबून धरा, पट्टी लावा. ब्लेड थेट पांढऱ्या डब्यात.

तपासा: वाळायच्या आधी स्लाइड उजेडात धरा. गोल फिकट, किंचित धुरकट दिसला तर छान. लाल दिसला तर आत्ताच दुसऱ्या जागेवरून घ्या, पेशंट अजून समोर बसलाय.

## ५. वाळवणं आणि फिक्स करणं: स्लाइड इथे मरते

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची स्टेप हीच. कुष्ठरोगाची स्लाइड वाळली की टेक्निशियन ती स्पिरिट लॅम्पच्या ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवतो, हाताला इतकी सवय असते की बोलता बोलता होऊन जातं. झेडएनसाठी ते बरोबर आहे. जिम्साच्या स्लाइडला ज्योत लागली की मॅक्रोफेज आक्रसतो, अमॅस्टिगोटचा (परजीवीचं पेशीच्या आतलं गोलसर रूप) आकार जातो, त्याचा न्यूक्लिअस आणि शेजारचा छोटा गडद ठिपका म्हणजे कायनेटोप्लास्ट एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात आणि रंगही नीट चढत नाही. त्या स्लाइडवर कितीही वेळ घालवला तरी उत्तर मिळणार नाही, आणि वाईट म्हणजे ती "निगेटिव्ह" म्हणून रिपोर्ट होते. पेशंटच्या फाइलमध्ये "स्मीअर निगेटिव्ह" लागलं की पुढचा डॉक्टर तो विषयच सोडतो.

थांबा: जे स्लाइड स्पिरिट लॅम्प असलेल्या टेबलावर ठेवूच नका. दुसरं टेबल, दुसरा ट्रे.

जे स्लाइड हवेवर वाळवा, सपाट ठेवून, उन्हात नाही. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हवाच इतकी दमट की स्मीअर वाळायला वेळ लागतो, आणि हळू वाळलेल्या स्मीअरमध्ये पेशी वेड्यावाकड्या होतात, म्हणून पंख्याखाली ठेवा. वर जाळी किंवा उलटा ट्रे झाका कारण माश्या आणि मुंग्या स्मीअर खरोखर खातात, फील्डमध्ये काम केलेल्यांना माहितीये, गोलाच्या मधोमध कुरतडलेलं भोक दिसतं.

वाळली की लगेच मेथेनॉल. दिवसभराच्या स्लाइड साठवून संध्याकाळी एकदम फिक्स करायची पद्धत सोडा. स्लाइड मेथेनॉलमध्ये दोन-तीन मिनिटं बुडवा किंवा वरून पूर्ण झाकेल इतकं ओता, मग उभी करून वाळू द्या.

मेथेनॉलबद्दल दोन शब्द, कारण चूक बाटलीत असते आणि दोष रंगाला मिळतो. मेथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. बाटली दिवसभर उघडी, झाकण हरवलेलं, कॉपलिन जारमध्ये (स्लाइड बुडवायची बरणी) तेच आठवडाभर, असं चाललं की त्यात पाणी जातं आणि पेशींमध्ये गोल गोल चकाकणारी भोकं दिसायला लागतात. अशी भोकं दिसली तर स्टेन बदलत बसू नका, मेथेनॉल बदला.

आणि फॉर्मलिन. बायोप्सीची बाटली आणि स्मीअरच्या स्लाइड एकाच डब्यात घालून पाठवतात, फॉर्मलिनची वाफ स्लाइडला लागते आणि जिम्सा निळाकाळा, गढूळ चढतो. दोन वेगळे डबे, शक्य तर दोन वेगळ्या पिशव्या. पीसीआरचा तुकडाही फॉर्मलिनमध्ये टाकू नका.

## ६. जिम्सा

इथे फार वेळ घालवत नाही, मलेरियाच्या स्लाइड करणाऱ्याला हात बसलेला असतो. स्टॉक १ भाग आणि ७.२ पीएचचं बफर ९ भाग, ताजं बनवलेलं, गाळलेला स्टॉक. सकाळी बनवलेलं वर्किंग स्टेन दुपारी वापरू नका. २० ते ३० मिनिटं ठेवा.

नळाच्या पाण्यात स्टेन बनवू नका. पाणी आम्लाकडे झुकलं तर सगळं गुलाबी, अल्कलीकडे झुकलं तर सगळं निळं, आणि कायनेटोप्लास्टचा तो गडद जांभळट ठिपका दोन्हीत हरवतो.

धुताना स्टेन आधी ओतून टाकायचा नाही. वर चकचकीत पापुद्रा आलेला असतो, ओतलं की तो स्मीअरवर बसतो. बफरची बारीक धार एका कडेनं सोडा आणि पापुद्रा वरच्यावर वाहून जाऊ द्या. मग उभी करून वाळवा, टिपकागदानं घासू नका.

तपासा: लॅबमध्ये माहितीतली पॉझिटिव्ह स्लाइड असेल तर त्याच बॅचमध्ये रंगवा. नसेल तर निदान मॅक्रोफेजचा न्यूक्लिअस स्वच्छ जांभळा आणि सायटोप्लाझम फिकट निळा दिसतोय का ते बघा. तेच दिसत नसेल तर परजीवी शोधण्यात अर्थ नाही.

## ७. मायक्रोस्कोपखाली

आधी १० एक्सवर पूर्ण गोल फिरा आणि मॅक्रोफेज जास्त कुठे आहेत ते हेरा, मग ऑइल टाकून १००वर जा. कडेचा पातळ भाग बहुतेक वेळा मधल्या जाड भागापेक्षा वाचायला बरा असतो.

काय शोधायचं: २ ते ४ मायक्रॉनची गोल-लंबगोल पेशी, फिकट निळं सायटोप्लाझम, त्यात एक मोठा जांभळट-लाल न्यूक्लिअस आणि त्याच्या शेजारी छोटी, जास्त गडद, काडीसारखी किंवा ठिपक्यासारखी गोष्ट, तो कायनेटोप्लास्ट. मॅक्रोफेजच्या आत असतात किंवा पेशी फुटून बाहेर सुट्या पडलेल्या. न्यूक्लिअस आणि कायनेटोप्लास्ट दोन्ही एकाच पेशीत, एकाच फोकसला दिसल्याशिवाय एलडी बॉडी (लीशमन-डोनोव्हन बॉडी, म्हणजे हाच अमॅस्टिगोट) म्हणायचं नाही. माझ्या मते हा नियम जितका कडक पाळाल तितकं बरं, कारण फसवणारी मंडळी भरपूर आहेत:

- प्लेटलेट. रक्तमिश्रित स्मीअरमध्ये हमखास. जांभळट दाणेदार, पण न्यूक्लिअस नाही आणि कडा अस्पष्ट.
- स्टेनचे कण. फाइन फोकस फिरवला की पेशींच्या वरच्या पातळीवर तरंगताना दिसतात.
- मेलॅनिन. त्वचेचा स्मीअर असल्यामुळे हा असणारच, आणि बोन मॅरो वाचायची सवय असलेल्याला हाच जास्त फसवतो. तपकिरी ते काळपट-हिरवे दाणे, चमकतात, सगळे जवळपास एकाच मापाचे.
- हिस्टोप्लाझ्मा. मॅक्रोफेजमध्येच असतो, माप सारखं, म्हणून धोकादायक. भोवती पांढरी कडी दिसते, कधी कळी फुटलेली दिसते, पण कायनेटोप्लास्ट नाही.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच टेक्निशियननी एलडी बॉडी प्रत्यक्ष कधी पाहिलेलीच नसते. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजीत काळा आजाराची शिकवायची स्लाइड असते, ती एकदा जाऊन नीट बघा. फोटो बघणं आणि फोकस स्वतः फिरवून बघणं यात खूप फरक पडतो.

शंभर फील्ड बघून निगेटिव्ह देऊ नका. स्प्लीनच्या स्मीअरला निगेटिव्ह म्हणायला १००० ऑइल फील्ड बघतात, त्वचेत तर परजीवी त्याहून विरळ, तेव्हा इथे कमी करायला काही कारण नाही. वेळ लागतो, मध्ये डोळ्यांना विश्रांती द्या, पण पूर्ण करा. शंका वाटलेलं फील्ड असेल तर मायक्रोस्कोपच्या स्टेजवरचे आकडे लिहून ठेवा म्हणजे दुसऱ्याला तेच फील्ड दाखवता येईल.

## ८. निगेटिव्ह आलं तर

गाठींमधून नीट घेतलेल्या स्मीअरमध्ये परजीवी बहुतेक वेळा सापडतात, पुळ्यांमध्ये त्याहून कमी वेळा, आणि नुसत्या मॅक्यूलमध्ये बहुसंख्य वेळा सापडतच नाहीत, सगळं बरोबर करूनसुद्धा. त्यामुळे मॅक्यूलर पेशंटचा निगेटिव्ह स्मीअर म्हणजे "आजार नाही" असं नसतं. या क्रमानं जा:

१. स्लाइड वाचण्याजोगी होती का ते आधी ठरवा. रक्ताळलेली, भाजलेली, मॅक्रोफेजच नसलेली स्लाइड "निगेटिव्ह" नसते, "अपुरी" असते. तसंच लिहा आणि परत घ्या.

२. झेड स्लाइड बघा. बॅसिलाय सापडले तर कुष्ठरोग आहे, पण पीकेडीएलची शंका दाट असेल तर तीही उघडी ठेवा. झेड निगेटिव्ह म्हणजे कुष्ठरोग नाही असंही नाही, पॉसिबॅसिलरीत (बॅसिलाय अगदी कमी असलेला कुष्ठरोग) निगेटिव्हच येतो, म्हणून नसांची तपासणी परत करा.

३. दुसऱ्या जागांवरून पुन्हा स्मीअर.

४. पीसीआर. मॅक्यूलरमध्ये खरा उपयोग याचाच. पाटण्याच्या राजेंद्र स्मारक संस्थेत या आजारावर वर्षानुवर्षं काम चालतं. आपल्याकडून आधी कॉलेजच्या मायक्रोबायॉलॉजी विभागाशी बोला, सॅम्पल कशात, किती थंड, कुठल्या दिवशी हे विचारून मगच घ्या. घेतल्यावर विचारलं तर सॅम्पल फुकट जातं.

५. पंच बायोप्सी. अर्धा तुकडा फॉर्मलिनमध्ये हिस्टोपॅथला, अर्धा पीसीआरला. फॉर्मलिनमध्ये टाकायच्या आधी कापलेली बाजू स्लाइडवर हलकेच टेकवून इंप्रिंट घ्या आणि ती जे स्लाइडसारखीच हवेवर वाळवा, मेथेनॉलमध्ये फिक्स करा. फुकटात मिळणारी अजून एक संधी आहे ती.

## ९. रिपोर्टवर काय लिहायचं आणि कुणाला कळवायचं

"नॅड" (विशेष काही आढळलं नाही) किंवा नुसतं "निगेटिव्ह" लिहून सोडू नका. जागा, चट्ट्याचा प्रकार, किती फील्ड बघितले, स्लाइडचा दर्जा आणि मग निष्कर्ष, असं लिहा. उदाहरणार्थ: "हनुवटीवरील पुळी आणि डाव्या दंडावरील मॅक्यूल, जिम्सा, १००० फील्ड, मॅक्रोफेज पुरेसे, एलडी बॉडीज दिसल्या नाहीत. या निकालावरून पीकेडीएल नाकारता येत नाही, पीसीआर सुचवतो." हे शेवटचं वाक्य लिहायला कंटाळू नका, पुढचा डॉक्टर नेमकं तेच वाचतो.

पॉझिटिव्ह आला तर जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या ऑफिसला कळवा, काळा आजाराचा कार्यक्रम कीटकजन्य आजारांखालीच येतो. पेशंटला स्वतःला त्रास नसतो म्हणून तो परत येत नाही, पण त्याच्या त्वचेतून बालूमाशीला (हा आजार पसरवणारी सँडफ्लाय) परजीवी मिळू शकतो, आणि तो छठला किंवा लग्नसराईत गावी जातोच. त्याचा इथला मोबाइल नंबर आणि गावचा पत्ता दोन्ही लिहून घ्या, म्हणजे तिकडच्या पीएचसीला निरोप जाऊ शकतो.

उपचार स्मीअर घेणाऱ्यानं सुरू करायचे नाहीत, पण पाठवताना चिठ्ठीत दोन-तीन गोष्टी आवर्जून टाका. मिल्टेफोसिन (पीकेडीएलच्या उपचारातल्या कॅप्सूल) साधारण १२ आठवडे चालतं, त्यामुळे डोळ्यांची तक्रार आधीपासून आहे का ते लिहा आणि औषध चालू असताना डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसलं तर लगेच यायला सांगा. बाई गरोदर आहे का किंवा दिवस राहण्याची शक्यता आहे का हे लिहिलंच पाहिजे, गरोदरपणात हे औषध देत नाहीत. एचआयव्ही तपासणी झाली नसेल तर सुचवा.

पेशंटला हेही सांगून ठेवा की गाठी औषध चालू असतानाच बसायला लागतात पण फिकट डागांचा रंग परत यायला कित्येक महिने, कधी वर्षभर लागतं. हे सांगितलं नाही तर तो दुसऱ्या महिन्यात "दाग तो वैसा ही है" म्हणून कॅप्सूल बंद करतो आणि कुठल्यातरी मलमाच्या मागे लागतो. जे स्लाइड पुसून ऑइल काढून डब्यात नंबरनुसार ठेवून द्या, वर्षभरानं तो परत आला की तीच जुनी स्लाइड आणि शरीराचं चित्र समोर ठेवून नवीन स्मीअर त्याच जागेवरून घेता येतो.